सासऱ्यांच्या हृदयाचं मीठ सुनेच्या ताटात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी उरण तालुक्यातली. ३१ वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, निवृत्तीला आता सात वर्षं झाली. माझं माहेर मिठागराला लागून. आजोबा आगरात राबायचे. आम्हा आगरी लोकांचं नावच या आगरावरून पडलं, असं जुनी माणसं सांगतात. त्यांच्या तळपायांच्या भेगांत बारा महिने पांढरं काहीतरी चमकायचं, ते मीठ असायचं. त्यामुळे मिठाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. मागच्या महिन्यात मात्र मी गप्प बसले. ते राहिलेलं बोलणं या पत्रात लिहिते आहे.

झालं असं की आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हृदयाची काळजी या विषयावर एका पाहुण्यांचं भाषण होतं. ते डॉक्टर नव्हते, पण बोलणं गोड. टेबलावर काचेच्या बरणीत गुलाबी खडे मांडलेले. "पांढरं मीठ आजपासून बंद, सैंधव सुरू. बीपी उतरेल, हृदय वाचेल, थायरॉइड असेल तर तोही जाईल." टाळ्या पडल्या. बाहेर दाराशी पुड्या विकायला ठेवल्या होत्याच. ज्यांना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, त्यांनीही दोन-दोन किलो उचललं.

सैंधव वाईट असं मी म्हणत नाही. उपवासाला आमच्याही घरात असतं. सिंधू देशातून येतं म्हणून सैंधव, नाव तेवढं जुनं आहे. पण रंग काढून टाकला तर तेही बहुतांश सोडियम क्लोराईडच. रक्तदाब वाढवतं ते सोडियम, आणि ते खड्यात असो की पुडीतल्या भुकटीत, शरीराला फरक पडत नाही. उलट "हे हृदयाला चांगलं" म्हणून माणूस हात सैल सोडतो आणि चिमटीची चमचाभर होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बदललं काय? मीठ तेवढंच राहिलं, त्यातलं आयोडीन तेवढं गेलं. सैंधवात मुद्दाम मिसळलेलं नसेल तर आयोडीन नसल्यातच जमा.

आणि आयोडीन गेलं तर हृदयाचं काय, हा प्रश्न त्या दिवशी कुणीच विचारला नाही. आयोडीन म्हटलं की लोकांना गलगंड आठवतो, मानेवरची गाठ. आम्हालाही प्रशिक्षणात तेच शिकवलं होतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागाला आयोडीनचं मीठ दिलं, एका भागाला साधं. जिथे आयोडीन पोचलं तिथे गलगंड हटला. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हे आम्ही पाठ करून परीक्षेत लिहिलं. पण गळ्यातल्या त्या फुलपाखराएवढ्या ग्रंथीचा छातीतल्या यंत्राशी काय संबंध, ते मला समजलं ते घरच्या दुखण्यातून, आणि फार उशिरा.

आधी साधी गोष्ट. थायरॉइड ग्रंथी जे संप्रेरक बनवते, त्या थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन नाही तर थायरॉक्सिन नाही. आणि थायरॉक्सिन म्हणजे चुलीचा जाळ. जाळ मंदावला की हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या ताठरतात, बीपीचा खालचा आकडा चढतो, आणि यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलेनासं होतं, ते साचत जातं. जाळ भडकला तर उलटं. छाती धडधडते, ठोके बेताल होतात, आणि बेताल हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. पहिला प्रकार आमच्या घरात झाला, दुसरा शेजारी.

माझ्या मिस्टरांची बायपास झाली, आणि नंतर त्यांचे ठोके अनियमित झाले. त्यांना अमिओडॅरोन नावाची गोळी लागली, २०० मिलिग्रॅमची, रोज एक. गोळी चांगलीच. ठोके ताळ्यावर आले, ते चालायला लागले, नातवाला शाळेत सोडायला लागले. सहा-सात महिने गेले आणि माणूस हळूहळू सुस्तावला. मे महिन्यात, आमच्या उरणच्या चिकट उकाड्यात, पंखा बंद करायला सांगायचे. चेहरा सुजल्यासारखा, आवाज जाडा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असून कोलेस्टेरॉल चढलेलं, वर पायांचे गोळे दुखतायत. सगळे म्हणाले बायपासचा अशक्तपणा आहे, वय झालं. मीही तेच म्हटलं. ३१ वर्षं दुसऱ्यांच्या बायकांना "अंगावर काढू नका" सांगत फिरलेली मी.

शेवटी टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक, तपासलं तर ४८ आलं. साधारण ४-५ च्या आत असायला हवं. ज्या रुग्णालयात गोळी सुरू झाली तिथे आधी थायरॉइड तपासला नव्हता, पुढे तपासायचा असतो हेही कुणी सांगितलं नव्हतं. त्या गोळीच्या वजनात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आयोडीन असतं, हे मला त्या दिवशी कळलं. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम. त्यातलं रोज सहाएक मिलिग्रॅम शरीरात मोकळं होतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे गरजेच्या चाळीसपट! एवढा लोंढा आला की काहींची ग्रंथी दार लावून घेते आणि काम बंद करते, काहींची पिसाळते. यांच्या ग्रंथीने दार लावलं.

इथे एक हात जोडून सांगते, हे वाचून कुणी परस्पर ती गोळी बंद करू नये. ती गोळी यांचा जीव सांभाळत होती. गोळी सुरू करण्याआधी थायरॉइड तपासायचा आणि नंतर दर सहा महिन्यांनी, एवढंच करायचं असतं. यांना थायरॉक्सिन दिलं ते सुद्धा २५ मायक्रोग्रॅमपासून, हळूहळू वाढवत, कारण दुखऱ्या हृदयाला एकदम जाळ सोसत नाही. चार महिन्यांत माणूस परत माणसात आला. पंखाही लावायला लागले.

आता शेजारचं. आमच्या आळीतल्या काकू, वय ७०, गळ्यात जुनी गाठ, तरुणपणापासूनची, दुखत नाही म्हणून कधी दाखवली नाही. मुलगा परदेशात. त्याने कुठेतरी वाचलं की समुद्री शेवाळाने गाठ जाते, आणि आईसाठी शेवाळाच्या गोळ्यांचा डबा पाठवला. नैसर्गिक म्हणून काकू दोन-दोन घ्यायच्या. दोन-तीन महिन्यांत वजन उतरलं, हात थरथरायला लागले, रात्री छातीत "घोडं पळतंय" म्हणायच्या. ईसीजीत ठोके पार बेताल. थायरॉइड अती झालेला. ज्या गाठीला वर्षानुवर्षं आयोडीन बेतानं मिळालेलं असतं, तिला अचानक भरपूर मिळालं की ती असंच करते.

हे डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे, फार जुनं. १८२० मध्ये जिनिव्हाच्या कॉइंदे नावाच्या डॉक्टरांनी गलगंडावर आयोडीन द्यायला सुरुवात केली, तेव्हाच त्यांच्या काही रोग्यांना धडधड सुरू होऊन ते वाळत गेले होते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर १९६६ पासून पावात आयोडीन घालू लागले, तर पुढच्या काही वर्षांत थायरॉइड अती झालेले रुग्ण वाढले, मुख्यतः चाळिशीपुढचे, जुन्या गाठीवाले. नंतर ते प्रमाण आपोआप उतरलं. माझी भाची मेडिकलला शिकते, ती हे सगळं वाचून दाखवते आणि वर मला म्हणते, "मावशी, तुझं आयोडीन म्हणजे स्वयंपाकातल्या हिंगासारखं आहे. नसलं तरी चुकतं, जास्त झालं तरी." तिला स्वयंपाक येत नाही, पण उपमा बरी शोधली.

याच भाचीने मोरोक्कोतला एक अभ्यास सांगितला, २०१५ साली छापलेला. तिथल्या वजन जास्त आणि आयोडीन कमी असलेल्या बायकांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज २०० मायक्रोग्रॅम आयोडीन दिलं, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. आयोडीनवाल्यांत वाढलेल्या कोलेस्टेरॉलचं प्रमाण कमी झालं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते हे, की त्या बायकांत आधीच कमतरता होती. ज्याला पुरेसं मिळतंय त्याने वर गोळ्या खाऊन हृदय मजबूत होत नाही, काकूंचं झालं तसं बिघडू शकतं.

म्हणजे हवं ते थोडंसंच, पण रोज. आणि ते थोडंसं रोज प्रत्येकाच्या पोटात घालायचा सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे मीठ. दूध, अंडी, समुद्राची मासळी यांतूनही मिळतं, पण दूध-मासळी रोज कुणाला परवडते? मीठ झोपडीतही असतं.

नोकरीत असताना हे मीठ घराघरांत शिरवायला आम्हाला काय कमी त्रास झाला? माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पुडीतल्या मिठाला चवच नाय गो." दारावर मीठवाली यायची, जाडं मीठ मापाने द्यायची, ते तिच्यासाठी पोटाचं काम होतं. तिला काय सांगणार? सरकारचं धोरणही मध्येच डुललं. १९९८ मध्ये बिनआयोडीनचं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली, २००० मध्ये उठली, २००६ पासून पुन्हा लागू झाली. त्या मधल्या वर्षांत लोक आम्हालाच विचारायचे, काल विष होतं ते आज चालतं कसं? एकदा गेलेला विश्वास परत आणायला दारोदार किट घेऊन फिरावं लागलं. चमचाभर मिठावर कुपीतला एक थेंब टाकायचा. आयोडीन असेल तर मीठ जांभळं-निळं होतं, रंगपट्टीला लावून बघायचं. रंग आला नाही तर दुसऱ्या कुपीतला थेंब टाकून पुन्हा पहिला. पोरंटोरं गोळा व्हायची, जादूचा खेळ असल्यासारखी. पांढरंच राहिलं की घरातली बाई ओशाळायची, आणि मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटायचं.

एवढं करून जे मीठ चुलीपाशी नेलं, ते आता हृदयाच्या नावाने आम्ही शिकलेले, पेन्शनवाले लोक बाहेर काढतोय.

यात माझी खरी तक्रार वेगळीच आहे. सैंधव ज्यांच्यासाठी आणलं ते आजोबा ७२ वर्षांचे. पण घरात मीठ एकच असतं आणि पातेलंही एकच. आजोबांच्या हृदयासाठी बदललेलं मीठ सुनेच्या ताटात जातं, नातवाच्या वरणभातात जातं. आणि गरोदर बाईची गरज तर वाढलेली असते, दिवसाला २५० मायक्रोग्रॅम. पोटातल्या बाळाचा मेंदू त्यावर घडतो. पहिल्या महिन्यांत तर बाळाची स्वतःची ग्रंथी कामालाही लागलेली नसते, ते आईच्याच थायरॉक्सिनवर असतं. सासऱ्यांचं बीपी मोजायला घरात यंत्र असतं. सुनेच्या आयोडीनचा कोण विचार करतो?

तेव्हा मीठ कमी करा, पण बदलू नका. हृदयरोग्याने तर कमी करायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी सगळं आलं. (सुकी मासळी लिहिताना माझाच हात अडखळला. सुकट-बोंबलाशिवाय आगरी घरात पावसाळा निघत नाही. भिजवून, पाणी ओतून देऊन करा, एवढं करता येतं.) मोजायची एक सोपी युक्ती मी वापरते. एक किलोची पुडी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख घालायची. घरात दोन माणसं असतील तर ती १०० दिवस पुरली पाहिजे. आमची पहिली पुडी ६० दिवसांत संपली, तेव्हा मिस्टरांचा चेहरा बघण्यासारखा होता. आता ऐंशीच्या पुढे नेलीय.

हिशोब पुढेही करून बघा. घराघरातल्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं असा नियम आहे, म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. पाच ग्रॅम खाल्लं तर ७५ मिळतं, गरजेच्या निम्मं. पुडीत ३० असेल तर पुरे १५०. म्हणजे मीठ जितकं कमी खाल तितकं त्या थोड्या मिठात आयोडीन असणं जास्त गरजेचं होतं, आणि हृदयरोगी तर कमीच खाणार. त्याने नेमकं बिनआयोडीनचं निवडायचं, हे उलटंच झालं ना? उघड्या वाटीत, शेगडीजवळ ठेवलेल्या मिठातलं आयोडीन उडतं, म्हणून झाकणाच्या बरणीत ठेवा आणि शिजवताना शेवटी घाला.

आणखी दोन गैरसमज पटकन सांगते. "मला थायरॉइड आहे, म्हणून आयोडीनचं मीठ बंद केलं," असं सांगणारी बाई मला आठवड्याला एक तरी भेटते. आज थायरॉइड कमी असणाऱ्यांत बऱ्याच जणींचं कारण शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा ग्रंथीवरचा हल्ला हे असतं. मीठ बंद करून तो थांबत नाही आणि जास्त खाऊनही बरा होत नाही. गोळी घ्यायची आणि घरातलं नेहमीचं मीठ बेताने खायचं. दुसरं, कमी सोडियमचं मीठ. त्यात पोटॅशियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या माणसांसाठी त्याची शिफारस केली आहे, पण मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर बायका आणि मुलं सोडून. बीपीच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांनी रक्तात पोटॅशियम आधीच वाढतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तेही घेतलंत तर पुडीवर आयोडीन लिहिलंय का ते बघा.

अन्न व औषध प्रशासनाला माझी विनंती आहे, सैंधवाच्या पुडीच्या पुढच्या बाजूला, मराठीत, ठळक अक्षरांत "यात आयोडीन नाही" असं छापायला लावा. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत असतं ते सत्तरीच्या डोळ्यांना दिसत नाही. आणि संपादक महोदय, आपल्या आरोग्य पुरवणीकडेही तेच मागणं. "हृदयासाठी कोणतं मीठ" असं विचारणारा लेख आला की घरात गरोदर सून आहे असं समजून तो तपासा.

या महिन्याच्या सभेला मी आशाताईंकडून किट मागून नेलं होतं. सगळ्यांना घरचं मीठ कागदात बांधून आणायला सांगितलं. ११ पुड्या आल्या. चार पांढऱ्याच राहिल्या, दुसऱ्या कुपीचा थेंब टाकूनही. त्यातली एक ज्यांची, ते गृहस्थ मागच्या भाषणात पहिल्या रांगेत होते. त्यांच्या सुनेला पाचवा महिना. "ती दूध घेते, फळं घेते, लोहाची गोळी घेते. मिठाचं कुणी बोललंच नाही हो ताई," म्हणाले. मग बराच वेळ रंगपट्टी हातात धरून उभे राहिले.

जाताना दारातून परत आले. "दीड किलो उरलंय घरात. टाकून द्यायचं का?"

म्हटलं, टाकू नका. कोमट पाण्यात घाला आणि संध्याकाळी पाय बुडवून बसा.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका, उरण